सव्विसावा असिस्ट

टोलेडो, १२ मार्च

एमरी,

वरचं 'प्रिय' मुद्दाम गाळलंय, विसरले नाही. सख्खा भाऊ असलास तरी कालचा तुझा भाग ऐकल्यावर तो शब्द लिहायला हात धजला नाही.

हो, ऐकते मी तुझं पॉडकास्ट. नऊ वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही म्हणून माझे कान बंद झालेले नाहीत. 'निव्वळ आकडे' म्हणे! तिकडे पोर्टलंडला बसून, कॉफी ढोसत, तू फुटबॉल लीगमधल्या एकतीस क्लबांची पत ठरवतोस, आणि त्यात आपले टोलेडो ग्लासमेन एकोणतिसावे. का, तर विजेतेपद एकही नाही, मैदान जुनं, मालक तीनदा बदलले. मग सलग अकरा सामने हरलेल्या संघासाठी गारपिटीत नऊ हजार माणसं येऊन उभी राहिली होती, ती कुठल्या रकान्यात टाकलीस? तुझ्या पहिल्या पाचांतल्या क्लबांचे लोक ढग आले की घरी बसतात. 'आकड्याला गाव नसतं' असं तू प्रत्येक भागाच्या शेवटी म्हणतोस. तुला गाव नाही, एमरी. आकड्यांना असतं.

पण पत गेली खड्ड्यात. मला राग आलाय तो नबीलचा.

नबील ताविल, चौदा नंबर, एका मोसमात सव्वीस असिस्ट, म्हणजे सव्वीस गोलांना त्याच्या पासचा हातभार. लीगच्या अख्ख्या पुस्तकात ही एकच ओळ अशी आहे की जिच्यात सगळ्यांच्या वर टोलेडोचं नाव आहे. डेट्रॉइटवाल्यांचा तो लाडका खेळाडू पंचवीसवर राहिला, तेव्हापासून त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्यात त्या आजतागायत. आणि तू काय म्हणालास? "त्यातले अकरा नुसते दुसरे असिस्ट आहेत. गोल मारणाऱ्याला ज्यानं पास दिला त्याचं ठीक आहे. पण त्याच्याही आधी ज्यानं चेंडू पुढे ढकलला त्याला श्रेय देणं म्हणजे लग्नात नवरदेवाशेजारी टॅक्सीवाल्याला उभं करून फोटो काढणं." तुझा तो जोडीदार हसून हसून खोकायला लागला. त्या काळी नियमच तसा होता ना रे? दोघांनाही असिस्ट मिळायचा, सगळ्या क्लबांना. डेट्रॉइटवाल्याच्या पंचवीसांत असले आठ आहेत, ते सांगायला तुझी जीभ अडखळली का?

आणि शेवटी तुझी ती लाडकी पेन्सिल आलीच. घरच्या मैदानावरचे नोंदणीदार आपल्याच पोराला असिस्ट वाटत सुटले, ही म्हणे 'टोलेडोची पेन्सिल'. ती पेन्सिल इल्का वार्गोच्या हातात होती हे तुझ्या श्रोत्यांना पाठ झालंय. तिच्या शेजारी दुर्बीण घेऊन कोण बसायचं, हे तू एकदाही सांगितलेलं नाहीस. नोंदणीदार दोन असायचे. दुर्बिणीतून पाहून नंबर सांगणारा एक, तो तक्त्यावर लिहिणारी एक, आणि खाली दोघांच्या सह्या.

लीगची समिती आता जुन्या नोंदी तपासणार आहे म्हणे. तपासू देत. मी पाहिलं ते लिहिलं. कुणीही येऊन विचारावं, छाती ठोकून सांगेन.

इल्का


टोलेडो, २१ एप्रिल

एमरी,

तुझं उत्तर नाही, अपेक्षाही नव्हती. तरी लिहितेय, कारण तुझ्या कर्तबगारीची बातमी तुला द्यायला हवी.

शनिवारी डेट्रॉइट इथे आलं. त्यांचे लोक बसगाड्या भरभरून आले आणि त्यांनी पाहुण्यांच्या गॅलरीत वीस फुटी पिवळी पेन्सिल फडकवली, तिच्या टोकाला माझा चेहरा, डोक्यावर आईचा तो जुना रुमाल बांधलेला. फोटो कुठून मिळाला ते तूच सांग. बरं, चेहरा चांगला काढला होता. सामना आपण २-१ जिंकलो आणि पेन्सिलीची गुंडाळी करून न्यायला त्यांना पाऊण तास लागला.

सामन्याआधी चर्चच्या तळघरात नेहमीसारखं कोबीच्या गुंडाळ्यांचं जेवण होतं. आपल्या पाठीराख्यांचा म्होरक्या, टकला फ्लॉइड, जावयाला घेऊन आला होता. जावई कर्टिस, जन्म डेट्रॉइटचा, अंगात त्यांचाच शर्ट! जेवायला आमच्यात आणि शर्ट त्यांचा.

"इल्का नेनी," तो मला म्हणाला, कारण फ्लॉइडनं त्याला शिकवलंय की हंगेरियन म्हाताऱ्यांना नेनी म्हणायचं असतं, "एकूण बेरीज सोडा. नव्वद मिनिटांमागे किती, ते काढा. आमचा माणूस पुढे आहे."

"तुमचा माणूस वाटीएवढ्या खरचटण्यासाठी चार सामने पाय वर करून बसला होता. मिनिटं कमी भरणारच."

"आणि तुमचे सोळा असिस्ट घरच्या मैदानावर! बाहेर गेलं की तुमचा नबील पास द्यायचं विसरायचा का?"

"बाहेर गेलं की तुमच्यासारखे लोक लिहायला बसायचे."

सगळं तळघर हसलं. कर्टिस लाल झाला, पण हटला नाही. "म्हणजे लिहिणाऱ्यावर अवलंबून असतं हे तुम्हीच कबूल करताय!" तेव्हा फ्लॉइडनं टेबलावर मूठ आपटली. "या बाईनं बावीस वर्षं थंडीत कुडकुडत आमचा प्रत्येक पास लिहिलाय. तिच्या अक्षरावर शंका घ्यायची तर माझ्या पोरीला इथेच ठेवून एकटा घरी जा." पोरगी म्हणाली, "बाबा, मला मध्ये आणू नका." माझ्या ताटात दोन गुंडाळ्या जास्त पडल्या, त्या मात्र मी न खाता तशाच ठेवल्या.

समितीचं पत्रही आलंय. त्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यातल्या ज्या गोलावर सव्विसावा असिस्ट मिळाला, त्याचं चित्रण निरुपयोगी आहे, कारण त्या क्षणी कॅमेरा आपल्या चिडलेल्या प्रशिक्षकावर होता. म्हणून मूळ तक्ता ग्राह्य धरणार. दोन्ही नोंदणीदारांनी मिळून दुरुस्ती दिली तरच तो बदलेल, एकाची सही चालणार नाही, मुदत ३१ ऑगस्ट. म्हणजे सव्वीस कायम. डेट्रॉइटला कळव.

रविवारी एका माणसाचा फोन आला होता. ड्वेन प्रुइट. समितीचं पत्र त्यालाही गेलंय, त्या दिवशी मैदानावर होते त्या सगळ्यांनाच गेलंय. मी त्याला म्हटलं की मला आठवत नाही, आणि फोन ठेवला. त्याच्याबद्दल तुला लिहिण्यासारखं काही नाही.

इल्का


टोलेडो, २ जून

एमरी,

ड्वेन प्रुइटबद्दल लिहायचंय.

तो काल घरी आला. फिंडलीहून तासभर गाडी चालवत, आधी न कळवता. घरोघरचे एसी आणि हीटर दुरुस्त करतो, त्याच कामाच्या शर्टात होता. दारातच म्हणाला, "मॅडम, मी भांडायला आलेलो नाही. एक प्रश्न आहे. पाच मिनिटं द्या."

मी त्याला स्वयंपाकघरात बसवलं. खसखशीचा रोल कापून दिला. त्यानं हात लावला नाही.

"मी लीगमध्ये एकच सामना खेळलो," तो म्हणाला. "अकरा मिनिटं. पुढच्या महिन्यात सरावात गुडघा गेला आणि संपलंच सगळं. पण त्या गोलात मी चेंडूला पाय लावला होता, असं मला आठवतं. नबीलनं मला दिला, मी डावीकडे पळणाऱ्याला दिला, त्यानं मधे टाकला, गोल. माझ्या लग्नात मी सगळ्यांना हेच सांगितलं. मुलीला झोपवताना सांगितलं. मग ती बारा वर्षांची झाल्यावर तिनं संगणकावर माझं पान उघडलं."

"मग?"

"सामने एक, मिनिटं अकरा, गोल शून्य, असिस्ट शून्य. ती म्हणाली, 'बाबा, तुम्ही तर म्हणाला होता...' आणि गप्प झाली. चिडवलं असतं तरी बरं वाटलं असतं. त्यानंतर मी ती गोष्ट सांगणं सोडून दिलं. आता मलाच वाटतं, मला भासच झाला असेल. माणूस हवं ते आठवतो ना? म्हणून तुम्हाला विचारतोय, मॅडम. तुम्ही समोर बसला होता. मी पाय लावला होता की नव्हता?"

एमरी, त्यानं असिस्ट मागितला नाही. नबीलचं नाव खाली ओढायला आला नव्हता. स्वतःची आठवण खरी की खोटी एवढंच त्याला हवं होतं, आणि ते जगात दोनच माणसांना माहीत आहे. त्यातला एक पोर्टलंडमध्ये बसून प्रामाणिक आकड्यांवर भाषणं देतो.

मी उठले आणि कपाटातून क्लबची प्रत काढली.

तुला आठवत असेल, नियम पेनचा होता. ऑक्टोबरच्या थंडीत त्या उघड्या माडीवर पेन गोठायचं म्हणून आपण पेन्सिल वापरायचो. खाली कार्बन, त्याखाली क्लबची प्रत. पेन्सिलीचं वरचं खोडता येतं. कार्बनचं खोडता येत नाही, हे आपल्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. लीगकडे गेलेल्या कागदावर स्वच्छ चौदा आहे. माझ्याकडच्या प्रतीवर खाली सत्तावीस, म्हणजे ड्वेनचा नंबर, आहे आणि त्याच्या उरावर चौदा बसलाय. मला हे दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं. ती प्रत मी फायलीत लावली आणि फाईल घरी आणली. समितीला ती चालत नाही; प्रतीवर कुणीही नंतर काही लिहू शकतं म्हणे.

आता मी मार्चमध्ये लिहिलेलं मागे घेते. मी पाहिलं ते लिहिलं, हे खरं आहे. पण नंतर खोडलं. तू दुर्बीण खाली केलीस आणि म्हणालास, "चौदा लिही." मी म्हटलं, "सत्तावीस होता. नबील तिसरा होता, तिसऱ्याला काही मिळत नाही." डेट्रॉइटचा सामना संपला होता, त्यांचा माणूस पंचवीसवर थांबला होता, नबीलही पंचवीसवर, आणि घड्याळात सहा मिनिटं उरलेली. घोषणा करणारा वॉकीटॉकीवर ओरडत होता, नंबर द्या, नंबर द्या. तू म्हणालास, "सत्तावीस नंबर उद्या कुणाच्या लक्षात राहणार आहे, इल्का?"

मी खोडलं. तू काही माझा हात धरून खोडायला लावलं नव्हतंस. मलाही तेच हवं होतं. 'सव्वीस' म्हणून पुकारा झाला तेव्हा खाली फ्लॉइड गुडघ्यांवर बसून रडत होता, आणि मला वाटलं, या लोकांना आयुष्यात एक तरी गोष्ट सगळ्यात वरची मिळाली.

ड्वेननं ती प्रत बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "म्हणजे लावला होता." मी म्हटलं, "लावला होतास. सुंदर पास होता, पहिल्याच स्पर्शात." त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि रोलचा तुकडा रुमालात बांधून घेऊन गेला. माझ्यावर आवाज चढवला असता तर मी सहन केलं असतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी त्याला दारापर्यंत सोडायलाही उठले नाही.

इल्का


टोलेडो, ९ जुलै

एमरी,

सोबत दुरुस्तीचा फॉर्म आहे. फेकायच्या आधी हे वाच.

नबीलला तोंडावर सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. त्याच्या टायरच्या दुकानात गेले. काचेवर पुरुषभर उंचीचा २६ रंगवलाय. मला पाहून तो हसत बाहेर आला, गालाला गाल लावला, कॉफी मागवली. मी सगळं सांगितलं. मी बोलत असताना त्याचा चेहरा पाहणं मला जमलं नाही, मी टायरांकडे पाहत होते.

"मी मागितला होता का?" तो म्हणाला. "त्या दिवशी, किंवा कधीही, मी तुमच्याकडे येऊन म्हटलं होतं का, मला एक जास्त द्या?"

"नाही."

"पंचवीस मी स्वतः कमावले होते. बरोबरीनं पहिला! मान वर करून फिरलो असतो. तुम्ही माझ्या खिशात एक चोरीचा घातलात, आणि आता भर चौकात खिसे तपासायला आलात. पोरं मला सव्वीस म्हणून हाक मारतात, मिस वार्गो. माझ्या आईच्या थडग्याच्या दगडावर फुलांबरोबर लोकांनी सव्वीस लिहिलेली कार्डं ठेवली होती." मग त्यानं कॉफी घेऊन येणाऱ्या माणसाला हातानंच परत पाठवलं. "करा काय करायचं ते. पण या दुकानात परत येऊ नका."

त्याचं काहीच चुकलं नाही. मी त्याला हे म्हटलं, तर त्याला आणखी राग आला.

फ्लॉइडला सांगितल्यावर त्यानं सगळ्यांची बैठक घेतली. तिथे कुणीतरी म्हणालं, इल्काला डेट्रॉइटनं फितवलं. कुणी म्हणालं, वयामुळे डोक्यावर परिणाम झालाय. कर्टिसला आनंद होईल असं वाटलं होतं, पण तो आपल्या बुटांकडे बघत बसला. फ्लॉइड एकटा माझ्याजवळ आला. "तू नुसती गप्प बस, इल्का. एवढंच. एका सहीनं काही होत नाही, आणि स्वतःची जुनी सही खोटी पाडायला एमरी काही नवी सही करणार नाही. मरेपर्यंत सव्वीस राहील. कुणाचं काय बिघडतं?"

"ड्वेन प्रुइटचं."

"कोण ड्वेन प्रुइट?"

"तेच तर," मी म्हटलं.

माझी गॅलरीतली जागा त्यांनी काढून घेतली. दुसऱ्या टोकाला, कोपऱ्याच्या झेंड्यामागे, जिथून पाऊण मैदान दिसत नाही, तिथलं तिकीट काढून मी गेल्या शनिवारी गेले. दोनदा कुणीतरी वरून बियर ओतली. मी रेनकोट घालूनच गेले होते. एक सामना चुकवणार नाही, सांगून ठेवते.

आता फॉर्मचं. नियमानुसार निवेदन पाहणाऱ्यानं लिहायचं, म्हणजे तू. खाली मान्यतेची सही लिहिणारीची, म्हणजे माझी. खाडाखोड झाली तर फॉर्म बाद. काय घडलं ते दोन ओळींत लिही आणि सही करून पाठव. माझ्या अक्षराची वीस फुटी टिंगल झाली ती मी सोसली. तुझं नाव मी कुठेही घेतलं नाही, फ्लॉइडलाही सांगितलं नाही की चौदा कोण म्हणालं. नऊ वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा पेन्सिलीचा विनोद केलास, त्या दिवशी मी तुझा फोन मधेच ठेवला आणि परत उचलला नाही. तेव्हाही मला खरं बोलता आलं असतं. बोलले नाही, कारण तू माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहेस आणि तुला वाचवायची मला सवय आहे.

ती सवय मी सोडतेय. सही कर.

इल्का


टोलेडो, २७ ऑगस्ट

एमरी,

फॉर्म पोचला. तुझी सही आहे. निवेदनही वाचलं, तीनदा.

"लिहिणाऱ्या नोंदणीदार इल्का वार्गो यांनी माझ्या सांगण्याविरुद्ध क्रमांक २७ ऐवजी १४ लिहिला. मला हे अलीकडेच समजले."

आधी मला वाटलं, माझा चष्मा चुकतोय. मग तुझा बुधवारचा भाग ऐकला. आवाज जरा जड करून म्हणालास, "सत्यासाठी कधी कधी घरच्या माणसाविरुद्ध उभं राहावं लागतं." तुझा जोडीदार गहिवरला. खाली शेकडो लोकांनी लिहिलंय की असा सचोटीचा माणूस या खेळात दुसरा नाही. डेट्रॉइटवाल्यांनी तुला मानाचा शर्ट पाठवलाय म्हणे. घाल तो. मापाचा असेल.

मी फॉर्म घेऊन दोन दिवस स्वयंपाकघरात बसले. भांडी आपटली. तुला फोन करायला नंबर फिरवला आणि ठेवला. नवा फॉर्म मागवावा तर पुन्हा तुझी सही हवी, आणि मुदत उरली होती पाचच दिवस. तुझी ओळ खोडली तर फॉर्म बाद. सही न करता फाडून टाकला तर सव्वीस कायम, माझी जागा परत, फ्लॉइड जवळ घेणार, नबीलच्या दुकानात कॉफी. आणि ड्वेनच्या आता मोठ्या झालेल्या मुलीच्या संगणकावर तिच्या बापाच्या नावापुढे शून्य. सही केली तर तुझी ओळ लीगच्या दप्तरात कायमची: टोलेडोची पेन्सिल खोटारडी होती, आणि दुर्बीण बिचारी भोळी.

काल सकाळी फ्लॉइड दाराशी आला. त्यानं तुझा भाग ऐकला होता. पायरीवरूनच म्हणाला, "मी त्या माडीच्या खालीच बसायचो, इल्का. एमरी दुर्बिणीतून जे पाहायचा ते तू लिहायचीस. बावीस वर्षांत तू स्वतःहून एक नंबर लिहिलेला मी पाहिला नाही." मग तो म्हणाला, "सही करू नकोस. आता सव्विसासाठी म्हणत नाही. तुझ्यासाठी म्हणतोय."

मी त्याला आत बोलावलं, कॉफी दिली, आणि त्याच्यासमोरच सही केली. पेननं. मग आम्ही दोघं चालत पोस्टात गेलो आणि मी पाकीट स्वतः खिडकीतून आत सरकवलं.

ड्वेनला मी काही कळवलेलं नाही. पहिल्या तारखेला लीगचं पुस्तक बदलतं. सामने एक, मिनिटं अकरा, गोल शून्य, असिस्ट एक. त्याच्या मुलीनंच ते पाहावं आणि तिनंच त्याला फोन करावा असं मला वाटतं.

नबील आता पंचवीसवर, डेट्रॉइटच्या शेजारी. शनिवारी त्यांचे लोक येतील तेव्हा नवी फडकी घेऊन येतील, माझा चेहरा पुन्हा असेल. मी कोपऱ्याच्या झेंड्यामागे रेनकोट घालून बसलेली असेन आणि माझ्या क्लबसाठी घसा फोडून ओरडेन. एकोणतिसावे म्हणे! कुणाला काय पत लावायची ती लावू दे.

तुला वाटलं असेल की मी न वाचता सही केली, किंवा म्हातारपणी दमले. म्हणून हे शेवटचं पत्र. मी प्रत्येक शब्द वाचला, तो खोटा आहे हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे, आणि आता फ्लॉइडलाही माहीत आहे. ड्वेनचा एक तुझ्या खोट्याखेरीज मिळणार नव्हता, म्हणून तुझं खोटं मी विकत घेतलं.

पण एकदा टोलेडोला ये, माझ्यासमोर बस, आणि तीच ओळ माझ्या तोंडावर म्हणून दाखव. कागदावर मी मान्य केलंय. तोंडावर करणार नाही.

इल्का